मापाचं तळं

कांबळी सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त स्मरणिका निघते आहे आणि तिच्यासाठी मी ‘दोन चांगले शब्द’ लिहून द्यावेत, असा निरोप आला आहे. निरोप आणणाऱ्याला मी चहा दिला आणि बघते म्हणाले. तो गेल्यावर कप विसळताना लक्षात आलं, की या माणसाचा राग मला अजून तितकाच येतो. खरं तर थोडा वाढलाच आहे. तेव्हा जे लिहिणार ते हे असं. छापायचं तर छापा. सर वाचतीलच, आणि वाचून ‘फार छान लिहिलंस गो’ असं म्हणतील, हेही मला ठाऊक आहे.

माणूस गोड होता. होता म्हणते, कारण आता ते पुण्याला लेकीकडे राहतात आणि आमच्या गावापुरता तो विषय संपला. उंच, किडकिडीत, पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. खिशात इस्त्री केलेला, चौघडी घातलेला रुमाल. कुठेही टेकायचं झालं की आधी तो रुमाल पसरायचे आणि मग त्यावर बसायचे. देवळाची पायरी असो, तळ्याचा बांध असो, नाहीतर आमच्या घरातली नुकतीच पुसलेली खुर्ची. आई त्यालाही कौतुकाने ‘सरांचो टापटीपपणा’ म्हणायची. मी तसं केलं असतं तर तिने माझी चामडी सोलली असती.

त्यांच्या तोंडात एक शब्दजोडी कायम असायची, ‘बरा आसा’. वर्गात कोणी चुकीचं उत्तर दिलं तरी ‘बरा आसा, पण आणखी विचार कर’. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत एकाने कोळंबी काढायची ती विंचू की खेकडा कळेना अशी काढली, त्यालाही ‘बरा आसा’ आणि वर मार्क. आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राला कोणी नापास होत नसे. तेव्हा आम्हाला वाटायचं, काय मोठ्या मनाचा माणूस आहे. मोठ्या मनाचा वगैरे काही नव्हता. समोरच्याचा चेहरा पडलेला त्यांना बघवत नसे, इतकंच. आणि त्या एवढ्याशा दुखण्यापायी त्यांनी पुढे काय केलं ते सांगणार आहे.

सर निवृत्त होऊन गावात आल्यानंतरच्या एका रविवारचं आठवतं. सर आमच्याकडे सकाळी आले. आईने घावणे आणि नारळाचा रस केला होता. सरांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, “वयनी, असे घावणे अख्ख्या तालुक्यात खावक नाय.” आई दिवसभर तरंगत होती. दुपारी मी काही कामाने इनासच्या घरी गेले. इनास आमचा शेजारी, एसटीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर. गावातल्या तळ्याच्या बांधाच्या खाली त्याचं घर, पुढे पोफळी, आणि घराला लागून त्याची बाव, म्हणजे विहीर. ती तळ्याच्याच झिरपणीवर भरते. इनासची बायको क्लारा हरखलेली. सर येऊन गेले होते आणि तिने वाफवलेल्या, इडलीसारख्या सान्नांबद्दल म्हणाले होते, की अशा सान्ना गोव्यातसुद्धा मिळत नाहीत. संध्याकाळी देवळाकडच्या घरी माशाच्या तिखल्याचंही तेच झाल्याचं कळलं. मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, “मगे? तुझ्यासारख्या खोट काढीत फिरूचा?”

तर हा माणूस. आणि या माणसाने मला जगातली एक फार मोठी गोष्ट शिकवली, हे लिहिल्याशिवाय माझा राग कोणाला कळायचा नाही.

आम्ही दुसऱ्या वर्षाला असताना सर आम्हाला दोडामार्गाकडच्या डोंगरात घेऊन गेले. गाडी जिथवर जाईल तिथवर, पुढे रान तुडवत. मध्येच झाडी उघडली आणि एक तळं दिसलं. घाट नाही, देऊळ नाही, म्हशी नाहीत, काठावर साबणाचा कागदसुद्धा नाही. सर रुमाल पसरून त्यावर पोटावर आडवे झाले, हात पाण्यात घातला आणि खालचा एक दगड उलटा करून आमच्यापुढे धरला. दगडाला नखाएवढा एक किडा चिकटला होता, शेपटीला तीन धागे.

“हा बघा,” सर म्हणाले. वर्गाचा विषय असला की ते पुस्तकी मराठी बोलत. “हा फार नाजूक. पाण्यात घाण आली की सगळ्यांत आधी हा जातो. मग चतुराची पिल्लं जातात. शेवटी चिखलात फक्त लाल अळ्या उरतात. पाण्याला विचारू नका कसं आहेस म्हणून. त्यात कोण राहतं, त्याला विचारा.”

मग त्यांनी मापाची गोष्ट सांगितली. तळं चांगलं की वाईट हे ठरवायचं तर आधी चांगलं म्हणजे काय ते ठरवावं लागतं. पुस्तकातली मापं परदेशातल्या थंड तळ्यांची. आपली माती जांभ्याची, आपला पाऊस हा असला धो धो. तेव्हा आपल्याच मातीतलं, आपल्याच पावसातलं, माणसाचा हात कमीत कमी लागलेलं एक तळं शोधायचं. त्यात कोण कोण राहतं ते बघायचं. ते आपलं मापाचं तळं. बाकीची सगळी त्याच्याशी ताडून बघायची आणि कोणतं किती घसरलं ते सांगायचं.

“आणि माप एकदा धरलं की सोडायचं नाही,” सर म्हणाले. “ज्या पाण्याला मी चांगलं म्हणेन, ते मी पिऊन दाखवीन. लक्षात ठेवा.”

त्यांनी ओंजळ भरली आणि पाणी प्याले. हनुवटीवरून ओघळून शर्ट भिजला, तो पुसलासुद्धा नाही. रुमाल अंगाखाली चिखलात तसाच. मला त्या क्षणी वाटलं होतं, की शिकावं तर या माणसाकडून आणि व्हावं तर असं. मी शिक्षिका झाले ती त्या ओंजळीमुळे. म्हणून तर इतका जळफळाट होतो.

सर निवृत्त होऊन गावात येऊन राहिले तेव्हा गावाला आनंद झाला. आमचं तळं जुनं, देवीच्या देवळासमोरचं. धामापूरच्या तळ्याइतकं नाव नाही त्याचं, पण आम्हाला त्याचा अभिमान फार. त्याच सुमारास वरच्या काठावर पर्यटनाचे तंबू उभे राहिले. तंबूंमागे संडास, संडासांमागे शोषखड्डे, आणि जांभ्यात खोदलेला खड्डा पावसाळ्यात कुठे रिकामा होतो हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पुढे नौकाविहार सुरू करायचा होता. त्यासाठी तळ्याला ‘चांगलं’ असा शेरा हवा होता. नेमकं तेव्हाच जिल्ह्यातल्या तळ्यांची प्रत ठरवायचं काम निघालं, माप ठरवणाऱ्या समितीवर कांबळी सर अध्यक्ष झाले आणि मदतीला त्यांनी मला घेतलं.

नमुने घ्यायला आम्ही दोघं गेलो. मी वरच्या काठाचा चिखल चाळणीत धुतला. तीन धाग्यांचा किडा नव्हता. चतुराची पिल्लं अगदी तुरळक. लाल अळ्या मात्र बोटाला गुंडाळाव्यात इतक्या. मी चाळणी सरांपुढे धरली. त्यांनी पाहिली, बराच वेळ पाहिली.

“सर, डोंगरातल्या तळ्याचं माप लावूया,” मी म्हटलं.

“ता लावलंस तर आपला तळा नापास जाता गो.”

“नापास आहेच, सर.”

“असा तोंडार सांगूक होया काय?” असं म्हणून त्यांनी माझ्या हातातली चाळणी घेतली, पाण्यात बुडवली आणि अळ्या सोडून दिल्या. अगदी हळुवारपणे, एकीलाही इजा होऊ नये अशा. हाच माणूस मला तेव्हा हिसडा मारून ‘गप बस’ म्हणाला असता, तर मी त्याला जास्त मान दिला असता.

माप पक्कं करण्याआधी गावाची सभा घ्यायची होती. ती देवळाच्या सभामंडपात झाली. सगळी वाडी आली होती, इनास आणि क्लाराही खांबाला टेकून बसले होते. सरांनी सोप्या शब्दांत सगळं समजावलं. माप म्हणजे काय, ते कशाला लागतं, किडे काय सांगतात. माझ्या ओळखीचं एकेक वाक्य येत होतं. मग शेवटी ते म्हणाले, की डोंगरातलं तळं दूर आहे, तिथे रस्ता नाही, ते अपवाद धरलेलं बरं. आणि गावाकडे पाहून हसले.

“म्हणान समितीन ठरवल्यान, की जिल्ह्यातल्या सगळ्या तळ्यांचा माप आता आपला तळा.”

काय टाळ्या पडल्या. म्हातारी माणसं एकमेकांना ढोसत होती. आमचा तळा जिल्ह्याचा माप! बाकीच्या गावांची तळी आता आमच्या तळ्याशी ताडली जाणार, याहून मोठा मान काय? आईने पदर सावरून माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही माप मीच ठरवलं होतं.

मी उभी राहिले. म्हटलं, “तळ्याला त्याच्याच मापाने मोजलं तर ते नापास कसं होईल? आज त्यात जी घाण आहे ती आपण चांगली म्हणून लिहून देतोय. याची झळ पहिली खालच्या विहिरींना बसणार. इनासच्या बावीला बसणार.”

इनासने मान वर केली. मागून कोणीतरी “इली मास्तरीण” असं पुटपुटलं, तरी दोन-चार माणसं विचारात पडलेली मला दिसली. सरांनाही दिसली. त्यांनी मला खोडून काढलं नाही. तेवढं जरी केलं असतं तरी वाद झाला असता. ते गोड हसले, “प्रश्न बरो आसा” म्हणाले, गाभाऱ्याकडे वळले, हात जोडले आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

आमच्याकडे देवापुढे सगळ्यांच्या वतीने एकाने मागणं मांडायचं आणि दर वाक्याला बाकीच्यांनी होकार भरायचा, याला गाऱ्हाणं म्हणतात. त्यात नाही म्हणायची सोय नाही. पाळण्यातल्या पोराच्या कानावरून ते गेलेलं असतं. कोणी मध्येच झोपेतून उठवलं तरी माणूस योग्य जागी होकार भरतो.

“बा देवी माते म्हाराजा, आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे एकवाट झाली हत…”

“व्हय म्हाराजा,” अख्खा मंडप.

“तुझ्या तळ्याचो मान आज जिल्ह्यात वाढलो…”

“व्हय म्हाराजा.”

“हेच्या पाण्याक कोणाची दिष्ट लागली आसात, तर ती भायर काढ…”

“व्हय म्हाराजा.”

“समितीन ठरवलेला माप तुझ्या लेकरांनी मान्य केला, ता तू पण मान्य करून घे म्हाराजा…”

“व्हय म्हाराजा.”

माझ्या आईचा आवाज सगळ्यांत वर. आणि खांबाजवळून इनासचाही. तो चर्चमध्ये मिस्साला जाणारा माणूस, पण शेजाऱ्यांच्या देवाला त्याने कधी नन्नाचा पाढा लावला नाही. त्याची विहीर बुडवायचा ठराव त्याच्याच तोंडून पास झाला. गाऱ्हाण्यानंतर कोणी चर्चा करत नाही, प्रसाद वाटतात. इतिवृत्तात ‘एकमताने’ असं आलं. किड्यांना विचारा म्हणणारा माणूस, किड्यांनी उत्तर दिल्यावर देवीला मध्ये घालून मोकळा झाला. देवीवर माझा विश्वास किती हा प्रश्न वेगळा, पण तिला यात ओढल्याबद्दल मला त्यांना माफ करता आलेलं नाही.

नौका आल्या. तंबू वाढले. दुसऱ्या उन्हाळ्यात तळ्यावर हिरवी साय धरली. वरच्या काठाला मासे उलटे तरंगायला लागले, तेव्हा लोक म्हणाले, उष्मा फार आहे. मग इनासच्या बावीला वास यायला लागला. क्लाराने पाणी उकळून पाहिलं, फडक्याने गाळून पाहिलं, शेवटी इनास एक बाटली भरून सरांकडे निघाला. मी वाटेत भेटले तर म्हणाला, “सरांका दाखयतंय. तेंका कळतला.”

तासाभराने तो परत आला तेव्हा मी अजून बांधावरच होते. चेहरा खुललेला. हातात तीच बाटली, भरलेली.

“काय म्हणाले?”

“बरो माणूस गो. माज्या गुडघ्याची चवकशी केल्यानी. कुडाळात कोण डाक्टर आसा, तेचा नाव दिल्यानी.”

“आणि पाण्याचं?”

इनासने बाटलीकडे पाहिलं, ती हातात आहे हे जणू तेव्हाच लक्षात आलं. “पावसानंतर बरा होतला म्हणाले.” मग जरा थांबून म्हणाला, “वास घेतल्यानी पण हां.”

पावसानंतर बरं झालं नाही. इनासची सून तान्हं मूल घेऊन माहेरी गेली ती तिकडेच राहिली. पोराचं पोट सारखं बिघडायचं. क्लारा आता वरच्या वाडीतून कळशा आणते, या वयात.

माप तपासायची वेळ पुन्हा आली तेव्हा मी सरांच्या घरी गेले. तळं स्वतःच्याच मापाला उतरत नव्हतं. लाल अळ्यांखेरीज चाळणीत काही येत नव्हतं. मला वाटलं, आता तरी पळवाट संपली. सर झोपाळ्यावर बसले होते, रुमालावरच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तळा जिवंत आसा गो. मगे माप पण जिवंत होया. आता जसा आसा तसा नवीन माप धरूया.”

मी तोपर्यंत त्यांच्याशी कधी आवाज चढवून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. विचारलं, की कोणी दबाव आणला का, कोणी काही दिलं का, का करता हे. त्यांना खरंच वाईट वाटलं. कोणाकडून त्यांनी साधा नारळ घेतला नव्हता, आणि हे मीही मानते. पैसे खाल्ले असते तर मला त्यांचा हिशेब तरी लागला असता.

“सगळी आपलीच माणसा,” ते म्हणाले. “तंबू घातल्यानी ते झिल माझेच विद्यार्थी. नौका चलयतत ते पण. सकाळी दार उघडला की तोंडार पडतत. कोणाकोणाचा तोंड चुकयत फिरू?”

“इनास आपला माणूस नाही?”

सर झोपाळ्याला पायाने हळूच झोका देत राहिले.

“इनास रागावचो नाय गो,” ते म्हणाले.

या वाक्यानंतर मी उठले. त्यांच्या बायकोने आत चहा टाकला होता, तो घेतला नाही. माणसं दुष्ट असतात, लोभी असतात, त्यांच्याशी भांडता येतं. पण जो रागावणार नाही त्याच्या विहिरीत सगळ्या गावाची घाण सोडायची आणि वर त्याच्या गुडघ्याची चौकशी करायची, अशा माणसाशी भांडायचं कसं हे मला कोणी शिकवलेलं नाही. त्यांनी तर नाहीच.

सर पुण्याला जायला निघाले ते देवीच्या वार्षिक उत्सवानंतर. उत्सवात त्यांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि तळ्याच्या काठावर एक फलक, ‘जिल्ह्याचे आदर्श तळे’. फलकाच्या मागे पाणी हिरवंगार, इतकं की बाहेरगावच्या एका पाहुण्याने रंग किती सुंदर आहे म्हणून फोटो काढला.

आमच्या देवळात तीर्थ तळ्याचं असतं. पुजारी पहाटे कळशी बुडवून आणतो, तुळस घालतो, पूजा झाल्यावर पळीपळीने सगळ्यांच्या हातावर देतो. पिढ्यान् पिढ्यांची पद्धत, ती मोडायचं कोणाच्या मनातही आलेलं नाही. पहिला मान सरांचा. त्यांच्यामागे आई, आईच्या मागे मी. आईने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

सरांनी उजव्या हाताचा तळवा पुढे केला. पुजाऱ्याने पळी रिकामी केली. मी रांगेतून जराशी बाजूला उभी होते म्हणून मला दिसलं. सरांनी तळवा ओठांपाशी नेला, मान मागे केली, आणि बोटं किंचित फाकवली. पाणी मनगटावरून कोपराकडे ओघळलं, दुमडलेल्या बाहीत शिरलं. एक थेंब ओठांना लागला नाही. मग त्यांनी ओला हात डोक्यावरून फिरवला, जसा तीर्थ प्यायल्यावर फिरवतात तसा, आणि खिशातून रुमाल काढला. एकेक बोट पुसलं. नखांच्या कडासुद्धा.

डोंगरातल्या त्या तळ्याची हनुवटीवरून ओघळणारी ओंजळ मला आठवली.

आईला मागून काही दिसलं नव्हतं. तिने तीर्थ घेतलं, प्यायली, डोळ्यांना हात लावला. पुजाऱ्याने पळी माझ्याकडे वळवली. मी हात पुढे केला नाही.

“घे गो,” आई म्हणाली.

“नको.”

“सरांनी घेतल्यानी, आणि तुका काय झाला?”

सर तिथेच होते. रुमालाची चौघडी घालत होते. त्यांनी आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. काही बोलायला म्हणून त्यांचे ओठ उघडले होते, हे मी शपथेवर सांगेन. पण आई त्यांच्याकडे बघून हसत होती, इतक्या विश्वासाने की तो चेहरा पाडणं त्यांच्या हातून होणारच नव्हतं. तेही हसले. “बरा आसा, वयनी,” म्हणाले.

आईने माझ्या वाट्याचं तीर्थ आपल्या तळव्यावर घेतलं आणि तेही पिऊन टाकलं.